फाईल उघडत नाही? आधी तिचं आडनाव बघा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"एखादं चांगलं अनझिप करायचं सॉफ्टवेअर टाकून द्या," असं म्हणत आमच्या नारायण पेठेतल्या दुकानात कोणी ना कोणी येतच असतं. दिवाळी अंकांच्या दिवसांत डीटीपीवाले येतात, जुलैत करसल्लागारांच्या ऑफिसातली मुलं येतात, आणि वर्षभर सोसायट्यांचे सेक्रेटरी. त्यांतल्या बऱ्याच जणांना नवं सॉफ्टवेअर लागतच नाही. तरीही आम्ही ते टाकून पैसे घेऊ शकतो, पण मग तीच फाईल घेऊन ते चार दिवसांनी परत येतात. त्यापेक्षा हे पत्रक कॉम्प्युटरशेजारी ठेवा.

फाईलच्या नावात टिंबानंतर जी दोन-चार अक्षरं असतात, ते तिचं आडनाव. झिप, आरएआर, सेव्हन-झेड, टार, जीझेड, आयएसओ ही सगळी गाठोडी बांधणारी घराणी, म्हणजे फायली एकत्र करून, बहुतेकदा दाबून, एकाच फाईलमध्ये भरणारी. ते गाठोडं सोडणं म्हणजे अनझिप. विंडोज हे आडनाव मुळात लपवून ठेवतं, म्हणून आधी ते दिसू द्या. विंडोज ११ मध्ये फाईल एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू', त्यात 'शो', आणि त्यात 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' यावर टिचकी मारा. विंडोज १० मध्ये वरच्या 'व्ह्यू' पट्टीतच त्याचा चौकोन आहे. हे एवढं केलं तरी पुष्कळ घोळ मिटतो. बिल म्हणून आलेल्या फाईलचं नाव 'पीडीएफ डॉट ईएक्सई' असं संपत असेल, तर ती पीडीएफ नाही, चालू होणारा प्रोग्रॅम आहे. ती उघडू नका.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं

साधी झिप विंडोज स्वतःच उघडतं. २०२३ च्या अपडेटपासून विंडोज ११ आरएआर आणि सेव्हन-झेडही उघडू लागलं आहे. मात्र या दोन प्रकारांना पासवर्ड घातलेला असेल तर तिथे अडतं. विंडोज १० वाल्यांना वेगळं काहीतरी लागतंच.

आमचं मत विचाराल तर सेव्हन-झिप घ्या. ईगोर पाव्हलोव यांनी १९९९ मध्ये ते काढलं. ते फुकट आहे आणि ऑफिसातही फुकटच आहे. दिसायला अगदी रुक्ष, पण वर लिहिलेली सगळी घराणी उघडतं. उतरवून घेताना पत्ता 'डॉट ऑर्ग'ने संपतोय ना, ते बघा. शोधयंत्रात सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. 'फ्री अनझिप'च्या नावाखाली ब्राउझरचं मुखपृष्ठ बदलणारे आणि कोपऱ्यातून जाहिराती उडवणारे पाहुणे आम्ही इतक्या मशिनींमधून काढले आहेत की त्याचा हिशोब सोडून दिलाय.

विनरारही चांगलं आहे. यूजीन रोशाल यांनी १९९३ मध्ये आरएआर हा प्रकार आणला. आरएआर फाईल तयार करायची असेल तर विनरारच हवं, कारण सेव्हन-झिप ती फक्त उघडतं. पण ते ४० दिवसांच्या चाचणीपुरतंच फुकट असतं. त्यानंतरही ते चालू राहतं आणि पैसे भरा म्हणून नुसती आठवण करत राहतं, म्हणून ते फुकटच आहे असा पुष्कळांचा समज झालाय. ऑफिसात वापरायचं तर परवाना घ्या, नुसतं उघडायचंच असेल तर तो खर्च कशाला?

दोन्हींबाबत एक सांगून ठेवतो. ही सॉफ्टवेअरं आपोआप अपडेट होत नाहीत. २०१९ मध्ये विनरारमध्ये एक भोक सापडलं. 'एसीई' नावाच्या जुन्या प्रकाराची फाईल उघडताना त्यातून नको तो प्रोग्रॅम मशिनीत शिरू शकत होता. कंपनीने त्या प्रकाराची सोयच काढून टाकली. पण ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती आहे, त्यांच्या मशिनीत ते भोक अजून तसंच आहे. तुमची आवृत्ती पाच-सात वर्षांपूर्वीची असेल तर ती काढा आणि नवी टाका.

मॅकवर झिप आपोआप उघडते, आरएआरसाठी 'द अनआर्कायव्हर' किंवा 'केका' घ्या. आयफोनच्या फाईल्स ॲपमध्येही झिप उघडते.

झिपच्या आत बसून काम करू नका

सॉफ्टवेअर बरोबर असतानाही नुकसान होतं ते इथे. झिपवर डबल क्लिक केलं की ती साध्या फोल्डरसारखीच दिसते. मग माणूस आतली वर्ड फाईल उघडतो, दोन तास टाइप करतो आणि सेव्ह करायला गेला की 'रीड ओन्ली' असा निरोप येतो. याचं कारण असं की उघडलेली फाईल ही गाठोड्यातून तात्पुरती बाहेर काढलेली प्रत असते. घाईत कुठेही क्लिक करून बंद केलं तर दोन तास पाण्यात.

छापखानेवाल्यांची गत आणखी वाईट. डिझायनर इनडिझाईनचं (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरचं) पॅकेज झिप करून पाठवतो, त्यात मूळ फाईल, फोटोंचा फोल्डर आणि फॉन्टचा फोल्डर असतो. झिपमधूनच मूळ फाईल उघडली तर तेवढी एकच बाहेर येते, आणि फोटो-फॉन्ट आतच राहतात. 'लिंक मिसिंग' दिसलं की डिझायनरला फोन आणि भांडण सुरू. त्या बिचाऱ्याने सगळं पाठवलेलं असतं! आधी उजवं बटण, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', आणि मग काय ते काम.

झिप मॅकवर बांधलेली असेल तर आत 'मॅकओएसएक्स' नावाचा एक जादा फोल्डर दिसतो आणि त्यात टिंबाने सुरू होणाऱ्या छोट्या फायली असतात. त्या उघडत नाहीत, आणि उघडायच्याही नसतात.

उघडताना चूक दाखवते

'सीआरसी फेल्ड' किंवा 'अनएक्स्पेक्टेड एंड' असं आलं की बहुतेक वेळा फाईल अर्धवट उतरलेली असते. गाठोडं बांधताना आतल्या प्रत्येक फाईलचा एक पडताळणीचा आकडा सोबत लिहिलेला असतो. सोडताना तो पुन्हा काढला जातो, जुळला नाही तर आत काहीतरी बदललंय किंवा गळलंय. इथे सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. पाठवणाऱ्याला फाईलचा आकार बाइटमध्ये विचारा, तुमच्याकडच्याशी ताडून बघा आणि पुन्हा उतरवून घ्या.

नावात 'पार्ट १', 'पार्ट २' किंवा शेवटी ००१, ००२ असेल तर ते एकाच गाठोड्याचे तुकडे आहेत. सगळे एका फोल्डरमध्ये ठेवून फक्त पहिला उघडा. एक तुकडा जरी नसला तरी काम अडतं.

पासवर्ड

इथे आधी कागद वाचा. आयकर खात्याच्या २६एएसची (तुमच्या करकपातीच्या तपशिलाची) टेक्स्ट फाईल ज्या झिपमध्ये येते, तिचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, मध्ये रेघ नाही. आधारची ऑफलाइन ई-केवायसी उतरवताना तुम्ही स्वतःच जो चार अक्षरी शेअर कोड देता, तोच त्या झिपचा पासवर्ड. पासवर्ड बरोबर असूनही विंडोज चूक दाखवत असेल तर झिपला एईएस पद्धतीचं कुलूप असण्याची शक्यता आहे. तिथे सेव्हन-झिप खरोखर कामी येतं.

अनोळखी मेलमध्ये कुलूप लावलेली झिप आणि त्याच मेलमध्ये तिचा पासवर्ड, असं आलं तर सावध व्हा. कुलपाआड अँटीव्हायरसला काही दिसत नाही, आणि ते कुलूप बऱ्याचदा त्याचसाठी लावलेलं असतं.

जे गाठोडंच नाही

काही फायली दाबलेल्या नसतात, निराळ्या लिपीत लिहिलेल्या असतात. पूर्वी ईमेलमधून फक्त साधी इंग्रजी अक्षरंच सुखरूप जायची, म्हणून फोटो किंवा कागदपत्र अक्षरांत रूपांतरित करून पाठवायची पद्धत पडली. बेस-६४ ही त्यातली आजही चालू असलेली. तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे फाईल लहान होण्याऐवजी तिसऱ्या हिश्श्याने फुगते. मेल प्रोग्रॅम हे आपलं आपण उलगडतो. तुमच्याकडे 'ईएमएल' फाईल (जतन केलेला मेल) असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडून घाबरू नका, थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये उघडा, जोडलेलं कागदपत्र आपोआप दिसेल. 'विनमेल डॉट डॅट' आली तर पाठवणाऱ्याला सांगा, आउटलुकमधलं 'रिच टेक्स्ट' बंद करून 'एचटीएमएल'मध्ये पुन्हा पाठव.

आणि आमच्या पेठेतला खास आजार. वीस वर्षांपूर्वीचा अंक किंवा स्मरणिका उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. ही फाईल बिघडलेली नसते. ती श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या, युनिकोडआधीच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक ठरण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. त्या काळी 'क'साठी एखाद्या इंग्रजी चिन्हाचा क्रमांक वापरायचे, आणि प्रत्येक फॉन्टचा हिशोब वेगळा. कोणतंही अनझिप इथे कामाचं नाही. मूळ फॉन्टचं नाव सांगितलंत तर आम्ही मजकूर युनिकोडमध्ये करून देतो. जोडाक्षरं आणि रफार मात्र नजरेखालून घालावे लागतात, ते प्रूफ तुम्हीच वाचा.

जाता जाता एक युक्ती. 'डीओसीएक्स' आडनावाच्या वर्ड फाईलमध्ये अडकलेले फोटो हवे असतील तर तिची एक प्रत करा, आडनाव बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत 'वर्ड' फोल्डरमधल्या 'मीडिया'त सगळे फोटो सुटे मिळतात, कारण ही वर्ड फाईल मुळात झिपच असते. म्हणजे ती आधीच दाबलेली असते, मोबाइलचे फोटोही तसेच, म्हणून त्यांना झिप करून आकार फारसा घटत नाही.

दुकानात येताना फाईलचा स्क्रीनशॉट नको, फाईलच आणा, आणि ज्या मेलमधून आली तो मेलही मोबाइलवर असू द्या. विसरलेला पासवर्ड आम्ही तोडून देत नाही. सेव्हन-झिप टाकून, आडनावं दाखवायची सोय चालू करून देण्याचे पैसे घेत नाही.