पडदा खालून का विरतो?

नाशिकची आमची कॉलनी पूर्वी आमच्या घरापाशीच संपायची. पुढे द्राक्षबाग होती. मग बाग गेली, दक्षिणेकडचा कच्चा रस्ता डांबरी झाला, आणि ओसरीत बसलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला लागला. कंपाउंडची भिंत जेमतेम चार फुटांची. आडोसा हवा होता आणि तो लवकर हवा होता, म्हणून भिंतीच्या आतून दोन-दोन फुटांवर सुरूची चौदा रोपं लावली. तिसऱ्या वर्षी झाडं पंधरा फुटांवर गेली. पण भिंतीच्या वर, जिथे माणसाची नजर येते नेमकं तिथेच, नुसती खोडं आणि वाळक्या काड्या होत्या. हिरवा पडदा होता, तो डोक्याच्या वर.

शेजारचे काका पहिल्यापासून सांगायचे, "अहो, आडोसा हवाय ना तुम्हाला? मग वाढू द्या की. कात्री कशाला लावता?" ऐकायला ते पटतंही. झाडाचं गणित मात्र निराळं असतं.

झाडाला डोळे नाहीत, तरी शेजारी कोणी उभं आहे हे त्याला कळतं. पानातलं हरितद्रव्य उन्हातला लाल प्रकाश, म्हणजे साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, शोषून घेतं. लालच्या पलीकडचा ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश त्याच्या फारसा कामाचा नसतो. त्याला दूर-लाल म्हणू. तो पानातून आरपार जातो किंवा पानावरून परततो. मोकळ्या उन्हात हे दोन्ही प्रकाश जवळपास सारखे असतात. पानांच्या गर्दीत लाल संपून जातो, दूर-लाल उरतो. हा फरक ओळखणारं रंगद्रव्य झाडात असतं, फायटोक्रोम. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे हॅरी बोर्थविक आणि स्टर्लिंग हेंड्रिक्स या शास्त्रज्ञांच्या गटाने १९५२मध्ये लेट्यूसच्या बियांवर हा खेळ दाखवून दिला. लाल प्रकाश दिला की बी रुजतं, लगेच दूर-लाल दिला की थांबतं, पुन्हा लाल दिला की पुन्हा रुजतं. शेवटचा प्रकाश कोणता, त्यावर सगळं ठरतं.

दाटीवाटीने लावलेल्या रोपाला दूर-लाल जास्त मिळाला की ते सावली पडायच्या आधीच सावध होतं. खोड लांबवतं, बाजूच्या फांद्यांवरचा खर्च आवरतं आणि वर धावतं. म्हणजे 'पटकन दाट व्हावं' म्हणून आपण जवळजवळ लावतो, आणि त्यामुळेच रोप शेलाटं होतं. खालच्या पानांना ऊन मिळेनासं झालं की ती जेवढी साखर तयार करतात त्याहून जास्त स्वतःच्या श्वसनात घालवतात. अशी पानं झाड फार दिवस पोसत नाही.

सुरूला तर सावली अजिबात सोसत नाही. त्याची हिरवी काडी हातात घेऊन जरा ओढा. टिचकन सांध्यावर तुटते. तुटलेल्या टोकाशी भिंगातून पाहिलं तर सात-आठ बारीक दात्यांचं कडं दिसतं. ते दाते म्हणजे सुरूची पानं. ज्याला आपण सुईसारखं पान समजतो ती खरी डहाळी असते. एवढीशी पानं, तीही भर उन्हासाठी घडलेली. किनाऱ्यावरच्या वाऱ्याला अडवायला हे झाड उत्तम आहे. माणसाच्या उंचीच्या आडोशाला ते मी पुन्हा लावणार नाही.

आता कात्रीचं. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खोडातून खाली उतरत राहतं, आणि तोवर पानांच्या बगलेतले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, झोपलेले राहतात. शेंडा खुडला की ऑक्सिनचा धाक जातो, शेंड्याकडे जाणारी साखर डोळ्यांकडे वळते, आणि एका टोकाच्या जागी दोन-चार फुटवे येतात. द्राक्षाच्या छाटणीवर ज्यांचं वर्ष अवलंबून आहे त्या नाशिककरांना डोळा फुटणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. म्हणून रोप फूटभर झालं की पहिला शेंडा खुडायचा, आणि पुढेही दर वीतभर वाढीला. कापतानाही बाजू सरळ उभी ठेवायची नाही. तळाशी रुंद, वर निमुळती ठेवायची, म्हणजे ऊन पायापर्यंत पोचतं.

उंचीचीही हाव नको. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साडेसेहेचाळीस अंशांवरच असतो. दक्षिणेला पंधरा फुटांची रांग असेल, तर चौदा फूट सावली घराच्या अंगावर येते. इथली थंडी माहीत असलेल्याला कोवळ्या उन्हाची किंमत कळते. सहा फूट पुरतात.

झटपट वाढणारं आणि बारमाही हिरवं, दोन्ही एकदम मागितलं की नर्सरीवाले आजकाल कोनोकार्पस पुढे करतात. आपल्या अर्जुन-हिरड्याच्याच कुळातलं हे झाड, पण परदेशी. मुळं पाइपलाइनीत शिरतात, परागकणांचा त्रास होतो अशा तक्रारी वाढल्यावर गुजरातच्या वनविभागाने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मी ते लावू नका असंच सांगेन. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने पानं टिकवायची तर पाण्याची किंमत मोजावी लागते, म्हणून तर पळस, सावर पानं टाकून मोकळे होतात. वेगाने वाढणाऱ्या झाडाला ती किंमत जास्तच पडते.

सुरूला जुन्या खोडावर नीट फुटवा येत नाही, त्यामुळे छाटून ती रांग सुधारणार नव्हती. महापालिकेची परवानगी काढून झाडं उतरवली. शहरी हद्दीत महाराष्ट्राच्या १९७५च्या झाडं जपण्याच्या कायद्याने ती लागतेच, लावतानाच हे लक्षात ठेवावं. मग भिंतीपासून तीन फूट सोडून सलग चर खणला. आमच्याकडे दीड फुटावर मुरूम लागतो. सुट्या खड्ड्यात मुळं कुंडीत अडकल्यासारखी गोल फिरतात, चरात त्यांना आडवं पसरता येतं. शेणखत, माती, ठिबकची एक नळी, आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर कुंतीची, म्हणजे कामिनीची, रोपं. कोपऱ्यात, जिथून कुत्री शिरतात तिथे, करवंद. दोन्ही सदाहरित, दोन्ही कात्री सोसणारी, दोन्ही सावकाश. कुंती चौथ्या पावसाळ्यात साडेपाच फुटांवर आली, आणि तळाशी हात घातला तर कोपरापर्यंत पानं लागतात.

काकांच्या दारची मेंदीही खालून उघडी पडली होती. मेंदी जुन्या लाकडावरही फुटते, म्हणून ती काढून टाकायची गरज नव्हती. या जूनमध्ये त्यांना विचारून मी ती फूटभर ठेवून कापली. काका दोन दिवस नीट बोलले नाहीत. जुलैअखेर त्यांनीच हाक मारून बोलावलं आणि एका खुंटावरचे कोंब बोटाने मोजून दाखवले. अकरा होते.