वारेच्या पेशी आणि गर्भारपणातील गुंतागुंत: उशिरा उमगलेल्या नात्याची पार्श्वभूमी

बाळ रडले, नाळ कापून झाली की प्रसूतिकक्षात पुढची चौकशी असते ती वारेची: पडली का, आणि पूर्ण पडली का? परिचारिका वार स्टीलच्या ट्रेमध्ये घेते, पाण्याने तिच्यावरचे रक्त धुते आणि आईकडची गडद लाल बाजू वर करून तिच्यावरचे पंधरा-वीस उंचवटे बोटांनी एकमेकांशी जुळवून पाहते. कुठे खाच दिसली तर तेवढा तुकडा आत राहिला असे समजायचे, कारण आत राहिलेल्या तुकड्यामुळे बाळंतिणीला जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही अपरा, म्हणजे वार, पडली की नाही हे पाहण्याची सूचना आहे, म्हणजे ही काळजी फार जुनी आहे. पण एकदा पूर्ण पडली की वारेकडे कोणी पाहत नाही. पूर्वी सुईण ती अंगणात पुरत असे, आज अर्ध्या किलोचा हा अवयव पिवळ्या पिशवीत जातो. नागपुरात विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना मला नेहमी वाटत आले आहे की, गर्भारपणातल्या वाढत्या रक्तदाबाच्या आजाराचे, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचे, मूळ सापडायला इतका उशीर झाला, त्याचे एक कारण या पिशवीत आहे.

आईचे आणि बाळाचे रक्त वारेत एकत्र होत नाही, ही मूलभूत गोष्ट अठराव्या शतकात लंडनमधील विल्यम आणि जॉन हंटर या बंधूंच्या विच्छेदनांतून स्पष्ट झाली. त्यांनी रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून दोन्ही अभिसरणे वेगळी असल्याचे दाखवले, आणि विल्यम हंटर यांचा गर्भार गर्भाशयाचा चित्रसंग्रह 1774 मध्ये प्रसिद्ध झाला. पेशींपर्यंत पोहोचायला मात्र आणखी शंभर वर्षे गेली. 1889 मध्ये डच प्राणिशास्त्रज्ञ हुब्रेख्त यांनी साळूसारख्या काटेरी अंगाच्या हेजहॉग या लहान प्राण्याचा गर्भ अभ्यासताना बाहेरच्या पेशीस्तराला ‘ट्रोफोब्लास्ट’, म्हणजे पोषण करणारा स्तर, असे नाव दिले. ते नाव आजही चालते.

या पेशींचा प्रवास पाहण्यासारखा आहे. गर्भधारणेनंतर साधारण पाचव्या दिवशी गर्भ पोकळ गोळ्यासारखा होतो आणि त्याच्या पेशींची पहिली वाटणी होते: आतल्या पुंजक्यातून बाळ घडते, बाहेरच्या थरातून ट्रोफोब्लास्ट. गर्भाशयाच्या अस्तराला चिकटताच बाहेरच्या काही पेशी आपापल्या भिंती सोडून एकमेकींत विरघळतात आणि असंख्य केंद्रके असलेला एकसंध थर तयार होतो. आईच्या रक्ताला थेट स्पर्श करणारा, प्राणवायू आणि अन्न आत घेणारा आणि लघवीच्या तपासणीत दिसणारे एचसीजी संप्रेरक बनवणारा थर तो हाच. पेशींना असे जोडणारे सिन्सिटिन हे प्रथिन आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात कोट्यवधी वर्षांपूर्वी शिरलेल्या एका विषाणूकडून आलेले आहे, हे 2000 मध्ये उघड झाले. मला या विषयातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

दुसऱ्या काही पेशी मात्र विरघळत नाहीत. त्या अस्तरात खोल शिरतात आणि तिथल्या नागमोडी धमन्यांच्या भिंतींतला स्नायू हटवून त्यांचे रूपच पालटून टाकतात. आकुंचन पावणारी अरुंद नळी सैल, रुंद होते आणि आईच्या शरीराने रक्तप्रवाह आवळायचे ठरवले तरी ती आवळली जात नाही. पहिले सुमारे दहा आठवडे याच पेशी धमन्यांची तोंडे बुचासारखी बंद ठेवतात, त्यामुळे कोवळा गर्भ कमी प्राणवायूत, गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावावर वाढतो. त्यानंतर बुचे सुटतात आणि आईचे रक्त वारेत खेळू लागते.

हे काम अर्धवट राहिले तर काय होते, याचा अंदाज कित्येक वर्षे कोणालाच नव्हता. गर्भवतींमधील सूज, लघवीतील प्रथिने आणि झटके यांचा संबंध 1843 मध्ये लंडनमध्ये जॉन लिव्हर यांनी नोंदवला, 1896 नंतर रक्तदाब मोजता येऊ लागला, पण आजाराचे कारण रक्तातले एखादे विष असावे असे मानले गेले आणि ‘टॉक्सिमिया’ हे नाव दीर्घकाळ टिकले. वारेकडे बोट दाखवणारा पुरावा तर समोरच होता. द्राक्षगर्भात बाळ नसते, फक्त फुगलेल्या, द्राक्षांच्या घोसासारख्या दिसणाऱ्या वारेच्या पेशी असतात, तरीही त्या स्त्रीला हाच आजार होऊ शकतो. आणि आजार खऱ्या अर्थाने ओसरू लागतो तो वार बाहेर पडल्यावरच.

निर्णायक काम 1967 च्या आसपास आणि 1972 मध्ये ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन या संशोधकांनी केले. त्यांनी बाहेर पडलेल्या वारेऐवजी ती जिथे रुजली होती त्या जागेच्या ऊतीचे नमुने तपासले. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांत धमन्यांचा बदल वरच्या अस्तरापुरताच थांबलेला आणि स्नायूंतील भाग तसाच अरुंद राहिलेला त्यांना दिसला. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात प्रकटणाऱ्या आजाराची पायाभरणी पहिल्या काही महिन्यांतच झालेली असते. 2003 मध्ये बोस्टनमधील अनंत करुमांची यांच्या गटाने मधला दुवा दाखवला: रक्त कमी पडलेली वार एसएफएलटी-1 हे प्रथिन आईच्या रक्तात सोडते आणि ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला निकामी करते. जुन्या डॉक्टरांना संशय होता ते ‘विष’ एका अर्थाने होतेच, फक्त ते वारेतून येत होते.

विदर्भात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. मध्य भारतातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची नोंद नागपुरातून 1958 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि सिकलसेल असलेल्या गर्भवतीच्या वारेत, जिथे प्राणवायू आधीच कमी असतो, तिथे विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी अडकून वारेचा काही भाग मरू शकतो. बाळाची वाढ खुंटणे आणि रक्तदाब वाढणे या दोन्हींची जोखीम अशा गर्भारपणात जास्त असते.

पेशींचे हे वेळापत्रक कळल्यावर उपचारांची वेळही पुढे ओढली गेली. मॅग्नेशियम सल्फेट झटक्यांचा धोका निम्म्याने कमी करते, हे 2002 मध्ये 33 देशांतील चाचणीत दिसले, पण ते शेवटच्या टप्प्यावरचे औषध आहे. कमी मात्रेची ॲस्पिरिन लवकर द्यावी का, हे तपासणाऱ्या सहा देशांतील चाचणीचे एक केंद्र नागपूर होते. 11,976 प्रथम गर्भवतींना सहा ते तेरा आठवड्यांदरम्यान ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी औषधरहित गोळी सुरू केली गेली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण 13.1 टक्क्यांवरून 11.6 टक्क्यांवर आले. फरक लहान आहे, पण गोळी स्वस्त आहे. तिचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो, आणि तो घेण्यासाठी स्त्री पहिल्या तीन महिन्यांत तपासणीला आलेली असावी लागते. म्हणून नोंदणीच्या खिडकीवर ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ असे विचारून वहीत लिहिलेल्या तारखेवरूनच ठरते की धमन्यांचे काम अजून चालू आहे की उरकले आहे.