पोटरी ओढते, हाड मागे कलतं

मांडीचं हाड मधोमध मोडलं की त्यात रॉड घालतात, हे आता खेड्यापाड्यातही ठाऊक आहे. तेच हाड गुडघ्याच्या वर, शेवटच्या वीतभरात मोडलं की काम अवघड होतं. तिथे हाड खाली रुंदावत जातं आणि टोकाला त्याचे दोन गोल फुगवटे होतात. त्यांना कॉन्डाइल म्हणतात. वरचा भाग म्हणजे जाड भिंतीची नळी, तर खालचा आतून जाळीदार आणि वरून पातळ कवचाचा. वयानुसार ही जाळी विरत जाते. म्हणून इथले रुग्ण मुख्यतः दोन प्रकारचे: भरधाव दुचाकीवरून पडलेले तरुण आणि न्हाणीत नुसत्या पाय घसरण्याने पडलेल्या म्हाताऱ्या बायका.

प्लॅस्टरने हे का भागत नाही, याचं उत्तर पोटरीत आहे. पोटरीचा मोठा स्नायू कॉन्डाइलच्या मागच्या बाजूला चिकटलेला असतो. हाड मोडलं की तो खालचा आखूड तुकडा मागे ओढतो. मांडीचे पुढचे-मागचे स्नायू तुकड्यांना एकमेकांवर चढवतात आणि पाय आखूड होतो. बाहेरून कितीही घट्ट प्लॅस्टर घाला, आतली ही ओढाताण थांबत नाही.

मागे कललेल्या त्या तुकड्याच्या अगदी लगत पायाची मुख्य रक्तवाहिनी असते. ती वर आणि खाली स्नायूंच्या कमानींत बांधलेली असल्यामुळे धारदार टोक आलं तरी बाजूला सरकू शकत नाही. म्हणून एक्स-रेच्या आधी पाहायची ती पंजावरची आणि घोट्यामागची नाडी. घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागलं आणि उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं, तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, करावी लागते. रक्तपुरवठा सुमारे ६ तासांहून जास्त बंद राहिला तर स्नायू मरू लागतात. घटनास्थळी पाय ओढून सरळ करण्याचा खटाटोप नको. कंबरेपासून घोट्यापर्यंत फळी लावा, मध्ये कापड भरा, १०८ ला फोन करा आणि ऑपरेशन लागू शकतं म्हणून तोंडाने काही देऊ नका. हाडवैद्याकडून चोळून घेणं तर नकोच.

दवाखान्यात साधे एक्स-रे होतात, खुब्याचाही काढतात. भेग सांध्यात गेली असेल तर सीटी स्कॅन हवाच. कधी एखाद्या कॉन्डाइलचा मागचा भाग उभ्या चिरेने पुढच्या भागापासून सुटलेला असतो. त्याला हॉफा फ्रॅक्चर म्हणतात. समोरून काढलेल्या एक्स-रेत ही चीर सहज हुकते.

ऑपरेशन टेबलावर गुडघ्याच्या वर, मांडीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा थोडा वाकवतात. तेवढ्याने पोटरी सैल पडते आणि कललेला तुकडा बराचसा जागेवर येतो. सांधा फुटला असेल तर आधी त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग जुळवायचा, मग तो अख्खा ठोकळा वरच्या नळीला जोडायचा. जोडणीसाठी बाहेरच्या बाजूने लॉकिंग प्लेट, म्हणजे जिच्यात स्क्रूचं डोकं घट्ट अडकतं अशी पट्टी, बसवतात, किंवा गुडघ्यातून वर रॉड सरकवतात. खालचा तुकडा फारच लहान किंवा चुरा झालेला असेल तर रॉडच्या स्क्रूंना पकड मिळत नाही.

स्क्रूच्या लांबीत एक फसगत आहे. खालून पाहिलं तर हाडाचा हा भाग समलंब चौकोनासारखा दिसतो, मागे रुंद आणि पुढे अरुंद. आतल्या बाजूची, म्हणजे दुसऱ्या पायाकडची भिंत जवळपास २५ अंशांनी तिरकी असते. त्यामुळे पुढच्या भागातला स्क्रू समोरच्या एक्स-रेत हाडाच्या आत दिसतो, पण प्रत्यक्षात काही मिलिमीटर बाहेर डोकावत असतो आणि पुढे महिनोन् महिने टोचत राहतो. म्हणून पाय आत वळवून पुन्हा एक फोटो घेतात.

प्लेट मोडली की नातेवाईक मालाला दोष देतात. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. हाड जुळत नाही, सगळं वजन प्लेटवर येत राहतं आणि पुन्हा पुन्हा वाकवलेली तार तुटते तशी ती थकून तुटते. हाड न जुळण्याचं एक कारण म्हणजे अतिकडकपणा. नवं हाड धरायला भेगेत किंचित हालचाल लागते. प्रत्येक भोकात स्क्रू ठासला तर तीही बंद होते. म्हणून चुऱ्याजवळची काही भोकं मुद्दाम रिकामी सोडतात. याच्या उलट, आतल्या बाजूचं हाड चुरा झालं असेल तर एकट्या बाहेरच्या प्लेटवर भार जास्त येतो. मग आतल्या बाजूने दुसरी प्लेट, किंवा प्लेट आणि रॉड दोन्ही लागतात. मधुमेह, लठ्ठपणा आणि विडी-सिगारेट ही जोखीम वाढवतात.

जोडणी पक्की असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच गुडघा वाकवायला लावतात. पलंगावर टाच सरकवत वर आणायची, मांडी आवळून धरायची. हे टाळलं तर स्नायू हाडाला चिकटतो आणि मग हाड जुळलं तरी पाय वाकत नाही. खुर्चीतून उठायला, जिना चढायला साधारण ९० ते १०० अंश पुरतात. उकिडवं बसायला त्याहून खूपच जास्त लागतात आणि ते सगळ्यांनाच परत मिळत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. सांधा फुटलेला असेल तर साधारण ६ ते १२ आठवडे पायावर पूर्ण भार देत नाहीत. हाड जुळायला ३ ते ६ महिने लागतात.

म्हाताऱ्या माणसांचं गणित निराळं. अर्धा भार टाकून चालणं त्यांना जमत नाही, आणि अंथरुणाला खिळणं म्हणजे न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. त्यामुळे तब्येत साथ देत असेल तर पहिल्या दोन दिवसांत ऑपरेशन करून लवकर उभं करणं हाच हेतू असतो. हाडाचा भुगाच झाला असेल, किंवा आधी बसवलेला कृत्रिम गुडघा मोडलेल्या जागी ढिला झाला असेल, तर ते टोक काढून धातूचा मोठा सांधा बसवतात. त्यात संसर्ग झाला तर निस्तरणं कठीण असतं, पण आजी लगेच पूर्ण वजन टाकून वॉकरने चालू शकतात.