कार्ड सजवणं आणि आकडा वाढवणं

२०२५ च्या मे महिन्यात बीटीएस या कोरियन गायकांच्या गटातल्या जिनचा ‘एको’ हा अल्बम आला, तेव्हा माझी आठवीतली भाची सुट्टीला माझ्याकडे ठाण्यात होती. रात्री साडेअकराला बघते तर तिच्यासमोर तीन उपकरणं चालू. तिचा फोन, ताईचा जुना फोन आणि माझा टॅब. तिन्हीवर एकच गाणं, आवाज जेमतेम. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एका फोटोकार्डाच्या कडेने मोती चिकटवत होते.

“मावशी, तू पण आर्मी ना? मग तू स्ट्रीम का नाही करत?” (आर्मी म्हणजे बीटीएसचे चाहते.)

तिच्या मते आम्ही दोघी एकच काम करत होतो आणि मी माझ्या वाटणीचं टाळत होते. बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटेल, कारण गाणं तेच, चेहरे तेच आणि जागरणही तेच. पण बारा वाजता मी उठले तेव्हा माझे खांदे सैल झाले होते. तिचे डोळे लाल होते आणि ती म्हणाली, “अजून खूप बाकी आहे.” हा फरक मला तेव्हा नीट सांगता आला नाही, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी फोटोकार्ड म्हणजे काय ते सांगते. कोरियन अल्बमच्या खोक्यात सीडीसोबत एटीएम कार्डाएवढा एक फोटो येतो, साधारण ५५ बाय ८५ मिलिमीटरचा. गटातल्या कुणाचा निघेल ते खोकं उघडेपर्यंत कळत नाही. गर्ल्स जनरेशन या गटाच्या २०१० मधल्या अल्बमपासून ही पद्धत रुळली असं मानलं जातं. मिळालेलं कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये आणि मग टॉपलोडर नावाच्या जाड पारदर्शक कव्हरमध्ये घालायचं. स्लीव्ह घेताना पीव्हीसीची नको, कारण काही वर्षांत ती चिकट होते आणि छपाई तिला चिकटून निघून येते. मग टॉपलोडर सजवायचा. याला आम्ही ‘डेको’ म्हणतो. स्टिकर, रिबीन, टिकल्या, क्रीमसारखा दिसणारा गोंद. मी तर तुळशीबागेतून आणलेली लेसही वापरते.

हे करताना नेमकं काय होतं? चिमट्यात दोन मिलिमीटरचा मोती धरलेला असताना दुसऱ्या कशाचा विचार करताच येत नाही, कारण हात हलला की मोती पडतो. पाऊण तासात एक वस्तू पूर्ण होते. आजारी माणसाची सेवा किंवा ऑफिसचं वर्षअखेरचं काम, यातलं काहीच पाऊण तासात पूर्ण होत नाही. वडील आजारी होते त्या चार महिन्यांत रात्रीचं औषध साडेबाराला असायचं. तोवर जागं राहायला मी हे सुरू केलं. गाणं हळू लावायचं आणि एक कार्ड घ्यायचं. त्या महिन्यांत सजवलेली सत्तावीस कार्डं एका बाइंडरमध्ये आहेत, ती मी आजही कुणाला बदलून देत नाही. प्रत्येक कार्ड बघितलं की ती रात्र आठवते, पण ती भीतीदायक वाटत नाही.

यात परकं असं मला काहीच वाटत नाही. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागलं की आई वही घेऊन बसायची. एकदा ऐकून गाणं पूर्ण उतरत नसे, म्हणून ओळीच्या जागा मोकळ्या सोडायची आणि पुन्हा कधी गाणं लागलं की त्या भरायची. त्या वहीच्या समासात वेलबुट्टी आहे. तेही डेकोच!

आता स्ट्रीमिंग. नुसतं ऐकणं म्हणजे स्ट्रीमिंग नव्हे, निदान चाहत्यांच्या भाषेत तरी. गाणं क्रमवारीत वर चढावं म्हणून ठरवून, नियमाने वाजवणं म्हणजे स्ट्रीमिंग. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक वेळ मोजली जाते. नवं गाणं येण्याआधीच चाहत्यांच्या ग्रुपमधून सूचना फिरतात. आवाज पूर्ण बंद करू नका, एकच गाणं सलग फिरवू नका, मध्ये दुसरी दोन-तीन टाका, नाहीतर मोजणीतून बाद होईल. शिवाय रोजचं लक्ष्य असतं आणि स्क्रीनशॉट टाकून हजेरी लावायची असते. २०२१ मध्ये बीटीएसच्या ‘बटर’ गाण्याचा व्हिडिओ पहिल्या २४ तासांत १० कोटी ८२ लाख वेळा पाहिला गेला. त्यात आपलाही वाटा आहे ही भावना खरी असते आणि तिचा आनंदही खरा असतो. परीक्षेच्या काळात एकटी पडलेली मुलगी रात्री दोन वाजता जगभरच्या मुलींबरोबर एकाच कामाला लागते, हा काही छोटा आधार नाही. म्हणून त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण त्याला विसावा म्हणू नये. विसाव्यात हजेरी घेत नाहीत. ती चाकरी आहे, प्रेमाने केलेली असली तरी. आणि चाकरीने थकवा आला तर “आवडीचंच तर करतेय, मग दमले कशी?” म्हणून स्वतःला दोष देऊ नये.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो कार्डाशीच, कारण ते छंदातही आहे आणि चाकरीतही. अल्बमची पहिल्या आठवड्यातली विक्री हान्तेओसारख्या कोरियन यादीत मोजली जाते, त्यामुळे “शक्य तितके घ्या” असा आग्रह असतो. त्यात कार्ड कुणाचं निघेल ते नशिबावर. आठवीच्या मुलीला कळेल असं गणित मी भाचीला मांडून दाखवलं. गटात ७ जण, अल्बममध्ये १ कार्ड आणि सातही कार्डं सारख्याच प्रमाणात छापलेली, असं धरू. सातही जमवायला सरासरी १८ अल्बम लागतात. सहा जमली आणि एकच राहिलं, तर त्या एकासाठी सरासरी आणखी ७. आपला लाडका, म्हणजे बायस, हवा म्हणून १० अल्बम घेतले तरी तो एकदाही न निघण्याची शक्यता २१ टक्के. उलट सात मैत्रिणींनी एकेक अल्बम घेऊन अदलाबदल केली, तर बऱ्याच जणींचं काम एकाच फेरीत होतं. आम्ही ग्रुप ऑर्डर करतो ती म्हणूनच. एकीने मागवायचं, टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी वाटून घ्यायची. जास्तीच्या सीडी आणि खोकी कचऱ्यात जातात, त्याबद्दलही चाहतेच बोलू लागले आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेली ‘केपॉप फॉर प्लॅनेट’ ही मोहीम चाहत्यांचीच.

आपण कुठल्या बाजूला आहोत हे कळायला मला एक काळ उपयोगी पडला. कोरियातल्या सक्तीच्या सेवेसाठी डिसेंबर २०२२ मध्ये जिन सैन्यात गेला आणि जून २०२५ मध्ये बीटीएसमधलाच शुगा आपली सेवा संपवून बाहेर आला, तोवर गटातल्या सात जणांचा मिळून नवा अल्बम नव्हता. एकेकट्यांची गाणी येत राहिली, पण गटाच्या आकड्यांची धावपळ थंडावली. माझ्या ओळखीतल्या दोघी, ज्या सगळ्यात जोरात स्ट्रीम करायच्या, त्या काळात गाणी ऐकायच्याच थांबल्या. एक म्हणाली, लक्ष्यच नसेल तर लावून काय करायचं कळत नाही. मला फार वाईट वाटलं. तिला ती गाणी मनापासून आवडायची, मीच साक्षीदार आहे.

छंदही घसरतो हे मान्य करते. हव्या असलेल्या कार्डांची यादी मी एकदा फोनवर केली आणि महिनाभर रोज किमतीच बघत बसले. त्या महिन्यात एकही कार्ड सजवलं नाही. शेवटी यादी पुसली आणि जी जवळ होती तीच काढून बसले.

त्या रात्री भाचीला मी फोन बंद कर म्हटलं नाही. तिच्यासमोर एक टॉपलोडर, चिमटा आणि मोत्यांची डबी ठेवली. तिने टॅब पालथा घातला. थोड्या वेळाने ताईचा फोन चार्जिंग संपून आपोआप बंद पडला, तो तिने लावलाच नाही. तिचा स्वतःचा फोन चालू होता आणि त्याचा आवाज तिने उठून वाढवला. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा मोती हातात तसाच धरून म्हणाली, “मावशी, इथे मागे गिटार आहे, मला माहीतच नव्हतं.”