गोठ्यातले मेंढपाळ आणि मागी एका रात्रीचे पाहुणे नव्हेत

नाताळचा गोठा कसा असतो, ते सांगायला नको. गवत, गव्हाणीत बाळ, मरिया, योसेफ, बैल, गाढव. (बैल-गाढव शुभवर्तमानात नाहीत, जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आलेत. असू देत. १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चोला जिवंत बैल-गाढवच उभे केले होते.)

पण "मेंढपाळ ताऱ्याच्या मागे आले" हे दर डिसेंबरात ऐकून कान किटलेत. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानातले, तारा मत्तयच्या. लूककडे रात्री मेंढरं राखणाऱ्यांना देवदूत सांगतो, तुम्हांला खूण ही: बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत निजवलेलं बाळ. म्हणजे त्यांची खूण खुद्द गव्हाणीच. ते त्याच रात्री धावले.

मत्तयकडे गव्हाणी नाहीच. मागी, म्हणजे तारे बघणारे ज्ञानी लोक, पूर्वेकडून आधी यरुशलेमेत जातात, तारा कधी दिसला हे तिथला राजा हेरोद त्यांना नीट विचारून घेतो, आणि शेवटी ते शिरतात "घरात". पुढे त्याच हिशेबाने हेरोद दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुलं मारायला लावतो. बाळ त्या रात्रीचं असतं, तर दोन वर्षं कशाला? शिवाय लूक सांगतो, बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर मरिया-योसेफ मंदिरात आले. यज्ञाला पक्ष्यांची जोडी. कोकरू न परवडणाऱ्यांसाठी नियमशास्त्राने दिलेली सवलत ती. मागींनी आणलेलं सोनं तोवर हाती आलेलं दिसत नाही.

गोठ्यात हेच मागी 'तीन राजे' म्हणून उभे असतात. तिघे? राजे? मत्तय दोन्ही म्हणत नाही. भेटी तीन (सोनं, ऊद, गंधरस), म्हणून माणसं तीन. मुकुट स्तोत्रं आणि यशयावरून नंतर चढले. यावर मी भांडत नाही, बाजारात संच तिघांचाच मिळतो.

भांडतो ते मांडणीवरून. २४ च्या रात्री मेंढपाळ गव्हाणीला खेटून हवेत. राजे मात्र दूर, टीव्हीच्या कपाटावर चालतील, आणि रोज थोडे पुढे सरकवायचे. पोचायचे ६ जानेवारीला, राजांच्या सणाला. त्या सणाला गोव्यात कासावली भागातल्या तीन गावांतले मुलगे राजांच्या वेशात घोड्यांवरून टेकडीवरच्या चॅपेलला जातात. तुमच्याकडे तोवर गोठा मोडून माळ्यावर गेलेला असतो, आणि बिचारे राजे पोचण्याआधीच खोक्यात. कापसाचा बर्फ तेवढा खुशाल आधी काढा.