साथीची बातमी, पेपरपासून फोनपर्यंत

आत्ता पाऊस लागला की लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) बातमीचं कार्ड आधी इन्स्टावर येतं आणि मग तेच फॅमिली ग्रुपवर फिरतं, पण मुंबईत साथ आणि अफवा यांची शर्यत फार जुनी आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, पेपरात छापून येत होतं, पण वाचता येणारे किती? हॉस्पिटलात नेलं की माणूस परत येत नाही ही भीती तोंडातोंडी पसरली आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेला.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर लेप्टो पसरला, तेव्हा लोकांपर्यंत पोचायला पेपर, रेडिओ आणि टीव्हीच होते. 2009 च्या स्वाइन फ्लूतही चॅनलखालची पट्टीच बघायचो आपण.

खरा बदल 2020 चा, कोरोनातला. मार्चच्या शेवटी पेपर घरी येणं बंद झालं, कागदातून व्हायरस येतो ही भीती होतीच, मग पेपरवाल्यांनी ई-पेपर पुढे केला आणि लोक त्याच्या पीडीएफ, त्यातली कात्रणं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला लागले. 1 एप्रिलला धारावीत पहिला पेशंट सापडला. पालिका आकडे ट्विटरवर टाकायची, रिपोर्टर तेच उचलून पुढे द्यायचे, मुख्यमंत्र्यांचं फेसबुक लाईव्ह चॅनलवर चालायचं. 14 एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर हजारो मजूर जमले, आणि गाड्या सुटणार या बातमीवरून एका टीव्ही रिपोर्टरला अटक झाली, नंतर जामीन मिळाला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते तारखेचं. पेपरच्या प्रत्येक पानावर तारीख असते, कात्रण केलं की ती जाते, मग दोन वर्षांपूर्वीची बातमी आजची म्हणून आई काळजीने पाठवते. लेप्टोत तर वेळच महत्त्वाची, पाण्यातून चालल्यावर 72 तासांच्या आत डॉक्टरला विचारून गोळी घ्या असं पालिका सांगते, तिथे तारीख नसलेलं कार्ड काय कामाचं.

आणि सगळं फोनवर भागतं असंही नाही. 2022 मध्ये गोवंडीत गोवर पसरला, लस टाळणाऱ्या घरांपर्यंत पोचायला पालिकेला शेवटी मौलानांची मदत घ्यावी लागली.