शाळेचे अंगण आणि परिसराची निगा: एका विचाराची महाराष्ट्रातील वाटचाल

प्राथमिक शाळेतील मुलांनी आपल्या परिसराची निगा राखावी हा विचार, ‘पर्यावरण’ हा शब्द मराठीत रुळण्याच्या बराच आधीचा आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी येते. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख यांच्या बरोबरीने तेथे शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याविषयीचे सोपे धडे यांचाही उल्लेख आहे. याच निवेदनात पुढे ते म्हणतात की, शेतीच्या पाठांना जोडून विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम शिकता येईल असे एक लहानसे नमुन्याचे शेत असल्यास मोठा लाभ होईल. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेने त्याच्या मातीपासून तोडू नये, उलट त्याच मातीकडे अधिक जाणतेपणाने पाहायला शिकवावे, ही या मागणीमागची भूमिका होती. महाराष्ट्रातील शालेय बागेचा इतिहास लिहायचा झाल्यास तो येथूनच सुरू करावा, असे मला वाटते.

या सूचनेतील गाभ्याला राष्ट्रीय पातळीवर वजन मिळायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रमाचा आराखडा तयार केला आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने मूलोद्योग शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले. सात वर्षांचे मोफत शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हाताच्या उद्योगाभोवती गुंफलेले सर्व विषय अशी ही ‘नई तालीम’ होती. सूतकताई आणि शेती हे त्यातील प्रमुख उद्योग होते, तर सामान्य विज्ञानात भोवतालच्या निसर्गाच्या निरीक्षणाला स्थान होते. सेवाग्रामच्या शाळेत सफाई हाही शिक्षणाचाच भाग होता. झाडलोट करणे, कचरा आणि मैला यांचे खत करणे आणि ते शेतात घालणे ही कामे मुले व शिक्षक मिळून करीत. ज्या समाजात घाण साफ करण्याचे काम जन्मावरून ठरत होते, तेथे सर्व जातींच्या मुलांनी हातात झाडू घेणे ही फार मोठी गोष्ट होती आणि तिचे मोल आजही कमी झालेले नाही.

स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शाळांची संख्या वाढली, पण त्यामागचा विचार त्याच प्रमाणात पसरला नाही. अनेक शाळांत टकळीवरची सूतकताई तेवढी उरली आणि सूत, कापूस, शेत, पाऊस यांना जोडणारा धागा सुटून गेला. ‘जीवन शिक्षण’ हे शब्द काही जिल्हा परिषद शाळांच्या पाट्यांवर अजूनही वाचायला मिळतात, ती त्या काळाची खूण आहे. मातीच्या जमिनीच्या शाळांत मुलांनी शेण गोळा करून आणावे आणि वर्ग सारवावेत ही रीत तर कोणत्याही धोरणाशिवाय चालत आलेली होती. मात्र त्यातही सारवणाचे काम बहुधा मुलींच्याच वाट्याला येत असे, हे सांगितल्याशिवाय त्या आठवणीचे कौतुक करणे योग्य होणार नाही.

या सर्व वाटचालीत मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात झाला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. तेथे एक अडचण लगेचच समोर आली. आदिवासी मुले शाळेत येत नसत, कारण दिवसभर गुरे राखणे ही त्यांच्यावरची घरची जबाबदारी होती. ताराबाई आणि अनुताईंनी मुलांना दोष दिला नाही. मुले जेथे गुरे चारत होती तेथेच शिक्षक जाऊ लागला आणि त्यातून ‘कुरणशाळा’ उभी राहिली. महागड्या शैक्षणिक साधनांच्या जागी पाने, बिया, शंख-शिंपले, खडे, काड्या आल्या. रंग, आकार, संख्या, वर्गीकरण हे सर्व त्यांतूनच शिकवले गेले. अंगणात भरणाऱ्या बालवाडीला ‘अंगणवाडी’ हे नाव याच कामातून मिळाले आणि नंतर ते देशभर पोहोचले. कुरणशाळेतील मुलाला रानाची ओळख करून देण्याची गरजच नव्हती. कोणते गवत गुरे खातात, कोणत्या झाडाचा पाला औषधी आहे, पाणी कोठे टिकते हे त्याला शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक होते. शाळेने हे ज्ञान अडाणीपणाचे न मानता अभ्यासाचा पाया मानले, यात त्या प्रयोगाचे वेगळेपण आहे. परिसराविषयी मुलाला काहीच माहीत नाही असे गृहीत धरून त्याला उपदेश करणाऱ्या आजच्या अनेक उपक्रमांनी कोसबाडकडे पुन्हा एकदा पाहावे, असे मनापासून वाटते.

सरकारी पातळीवर मात्र वेगळ्या दिशेने हालचाल होत होती. जुलै १९५० मध्ये केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाला सुरुवात केली आणि पावसाळ्याच्या तोंडावर शाळेत रोपे लावण्याची प्रथा पडली. कोठारी आयोग या राष्ट्रीय शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाचा, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष हाताने काम करण्याचा, आग्रह धरला. १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या आराखड्याने प्राथमिक स्तरावर विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांची सांगड परिसर अभ्यासाच्या रूपाने घातली. महाराष्ट्रात ‘परिसर अभ्यास’ हे नाव इतके रुळले की, आज कित्येक पालकांनाही ते स्वतःच्या शाळेच्या आठवणींतून माहीत असते. राज्याची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या बालभारतीने तिसरीसाठी जिल्हावार पुस्तके काढली, ही त्यातील खरोखर चांगली गोष्ट होय, कारण रत्नागिरीच्या मुलाचा परिसर आणि लातूरच्या मुलाचा परिसर एकाच पानावर मावणारा नाही. तरीही जिल्हा हा आठ वर्षांच्या मुलासाठी फार मोठा प्रदेश आहे. शाळेमागचा ओढा कोणत्याच पुस्तकात येऊ शकत नाही, तो शिक्षकालाच दाखवावा लागतो.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पर्यावरणाची जाणीव बालकापासून सुरू व्हावी असे स्पष्टपणे म्हटले. त्यानंतर पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचा निर्देश दिला आणि डिसेंबर २००३ मध्ये एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला सर्व इयत्तांसाठी नमुना अभ्यासक्रम तयार करण्यास सांगितले. न्यायालयाच्या आदेशामुळे हा विषय टाळणे कोणालाही शक्य राहिले नाही, हे खरेच आहे. परंतु आदेशाने आलेला विषय वही, प्रकल्प आणि गुण यांच्या वाटेने जातो. घरी पालकांनी करून दिलेली प्रकल्पवही हा त्याचाच एक दुःखद परिणाम आहे.

याच सुमारास महाराष्ट्रात मोहिमांचे पर्व सुरू झाले. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आले आणि गावाबरोबर शाळेचे अंगणही स्पर्धेत उतरले. स्वतः हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या संताच्या नावाने चाललेल्या या अभियानात मुलांच्या प्रभातफेऱ्या निघाल्या, शाळांच्या भिंती रंगल्या, शौचालयांकडे प्रथमच गांभीर्याने पाहिले गेले. पाठोपाठ राष्ट्रीय हरित सेनेची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या पर्यावरण मंडळांची, पथके शाळांत उभी राहिली आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्याचे ‘माझी वसुंधरा’ हे पर्यावरण अभियान सुरू झाले. या मोहिमांनी गावागावांत उत्साह निर्माण केला, हे मान्य करायलाच हवे. त्यांची मर्यादा एवढीच की, तपासणी समिती येऊन गेल्यावर त्या उत्साहाचे काय होते याचा हिशेब कोणाच्याही नोंदवहीत नसतो.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने शालेय पोषण बागेसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि महाराष्ट्रातील शाळांत ‘परसबाग’ हा जुना घरगुती शब्द नव्या अर्थाने आला. पालक, मेथी, शेवगा, कढीपत्ता, भोपळ्याचे वेल शाळेच्या आवारात लावायचे आणि ती भाजी मध्यान्ह भोजनात वापरायची, अशी ही कल्पना आहे. मुलांनी हात धुतलेले पाणी चर काढून केळीच्या किंवा अळूच्या वाफ्याकडे वळवणे हा त्यातील साधा पण फार उपयुक्त भाग होय. फुल्यांनी मागितलेल्या नमुन्याच्या शेताच्या सर्वांत जवळ जाणारी ही गोष्ट आहे, कारण येथे मुलाने घातलेले पाणी काही आठवड्यांनी त्याच्या ताटात भाजी होऊन येते.

या साऱ्या प्रयत्नांपुढची सर्वांत कठीण अडचण मात्र धोरणाची नाही, ती दिनदर्शिकेची आहे. रोपे जून-जुलैमध्ये लावली जातात आणि त्यांना पाण्याची खरी गरज एप्रिल-मेमध्ये पडते, नेमकी तेव्हाच शाळा बंद असते. ज्या शाळांनी यावर मार्ग काढला, त्यांनी तो अगदी साध्या उपायांनी काढला. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांमध्ये झाडे वाटून दिली, कुंड्या सुट्टीपुरत्या घरोघरी नेल्या, आळ्यांत पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातले, रिकाम्या बाटल्यांना बारीक छिद्रे पाडून त्या बुंध्याशी पुरल्या. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा अशा शाळेतील मूल वर्गात जाण्याआधी आपल्या झाडाकडे जाते आणि त्याला नवी पालवी फुटली आहे का ते पाहते.